तिसरी

"ही फुलं माळायला कोणी शिकवलं तुम्हांला?" विनोदिनीने मान न वळवता हळूच विचारलं.

सखारामचे हात तिच्या अंबाड्यापाशी थबकले. कारापूरच्या देवळाच्या अंगणात, दीपस्तंभाच्या पायरीवर ती बसली होती. स्कूटरवरून येताना अबोलीचा गजरा घसरला होता, तो सखाराम परत खोवत होता. इतक्या हळुवार हाताने, की एक पाकळी चुरगळली नव्हती.

"कमलने," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमतच नसे.

"वाटलंच मला."

सखारामला मरण नव्हतं. का नव्हतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी पेडण्यात पोर्तुगीज आले तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि आजही पस्तिशीचाच होता. लग्नाआधी त्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं. पंचविशीतल्या विनोदिनीला तेव्हा ते वरदानच वाटलं. जन्मभर कुंकू अढळ! सवाष्ण जाणार याची पक्की खात्री घेऊन कुठली बाई बोहल्यावर चढते?

आता तिला सदुसष्टावं लागलं होतं. सहा वर्षांपूर्वी दोघं बिऱ्हाड हलवून इथे आली, तेव्हा शेजाऱ्यांना तिने तो आपला मुलगा म्हणूनच सांगितला. घरात 'अहो', अंगणात 'अरे सखाराम'. जिभेला वळण पडून गेलं होतं.

"काकी, भाग्यवान गो तू!" शेजारची समीक्षा ओटीचं ताट सावरत जाताजाता म्हणाली. "असो पूत मेळूंक पुण्य लागता. आमच्या घरचो आपलो चाय पिल्लेलो कोप सुद्धां उचलीना!"

विनोदिनी हसली. तोंडापुरतंच. पुण्य कोणाचं, ते समीक्षाला कुठे माहीत होतं! सखाराम ताटातल्या पेडव्याचे काटे काढून द्यायचा, ते केरीच्या गंगेने शिकवलं होतं. ताप आला की पेज भरवायचा, भरवण्याआधी वाटी आपल्या मनगटाला लावून बघायचा, तेही गंगेचंच. गुडघे चोळायचा ते धारगळच्या कमलचं. अडीचशे वर्षांत दोन बायकांनी हा नवरा घडवला होता. विनोदिनीच्या वाट्याला आला तेव्हा त्याला शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवरा मायेने जवळ यायचा आणि तिला वाटायचं, आपल्या पाटावर दुसरीच कोणी बसली आहे.

गेल्या सोमवारी डिचोलीच्या डॉक्टरांनी तिचा कागद दोनदा वाचला होता. काळीज थकलंय, म्हणाले, जपून राहा. जपून म्हणजे किती दिवस, हे तिने विचारलं नाही. तिला मरणाची भीती नव्हती. तिसरी म्हणून मरायचं नव्हतं, एवढंच.

आत पेटीचा सूर लागला. तबल्यावर हातोडी वाजू लागली.

"आज आत चला," ती म्हणाली.

"तू जा. मी आहे इथे."

बेचाळीस वर्षं हेच. तिला कीर्तनाचं वेड. पाऊस असो, ताप असो, तो तिला देवळापर्यंत आणून सोडायचा आणि स्वतः बाहेर बसायचा. एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं होतं, की कमल बुवांच्या मागे पालुपद धरायची, तेव्हा सभामंडप थांबून ऐकायचा. तेवढं विनोदिनीला पुरलं होतं.

"आत गेलात की तिची आठवण येते," ती म्हणाली. "आज काय ते कबूल करा. मला एकदा तरी माझ्यासाठी म्हणून बघितलंत? की शिकलेलं हातातून जाऊ नये, म्हणून मला केलीत?"

सखाराम तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"विनू, कमलचा आवाज कसा होता, ते मला आता आठवतसुद्धा नाही."

"मग आत यायला काय होतं?"

"तू त्या दोघींवर जळतेस, मला कळतं ते," तो म्हणाला. "मीही जळतो."

"कोणावर?"

त्याने गाभाऱ्याकडे बोट केलं.

"शिव शिव!" विनोदिनीने झटकन आपल्या दोन्ही गालांत मारून घेतलं. "देवावर?"

"गंगेला त्याने नेली. कमलला नेली. आता तुझ्यावर त्याचा डोळा आहे. आत बुवा सांगतात, प्रत्येक जीव शेवटी त्याच्याच पायाशी पोचतो. सगळे खुशीने माना डोलावतात. मी तिथे बसून कुठे बघू?"

आत नमन सुरू झालं. बाहेर रेंगाळलेली माणसं चपला काढून लगबगीने आत शिरली. विनोदिनीने आजवर नमन कधी चुकवलं नव्हतं. ती उठली नाही.

तिने कमलवर रागवून बघितलं. राग येईना. देवाच्या पायाशी बसलेल्या दोघी तिला दिसल्या, सरकून तिच्यासाठी जागा करणाऱ्या. तिथे तिघींच्या गप्पांना ह्या एका माणसाचा विषय कितीही काळ पुरणार होता. आणि हा माणूस तेव्हाही इथेच असणार होता, कुठल्या तरी देवळाच्या बाहेर, आतले टाळ ऐकत.

तिने त्याचा हात हातात घेतला. दारातून समीक्षा वळून बघत होती. बघू दे.

"मी गेले की चौथी आणा," विनोदिनी म्हणाली. "पण धडधाकट बघा हो. पुष्कळ वर्षं टिकेल अशी."