पाचवी ट्यूब

"सिस्टर, साबण बदलला ना, तेव्हापासून खाज सुटलीय," आजी म्हणाल्या.

मी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतले बारीक फोड बघितले आणि हसले. बावीस वर्षं दवाखान्यात काढल्यावर खरूज मला दारातूनच ओळखू येते, असं मी नव्या नर्सना उगाच नाही ऐकवत.

"आजी, जो तो बिचाऱ्या साबणावरच खापर फोडतो. रात्री जास्त खाजतं ना? मग ही खरूजच. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत. एकानं जरी अंगचोरपणा केला, तरी पुन्हा सगळे खाजवत बसाल. घरात किती जण?"

"चार."

मी चार ट्यूब काढून दिल्या. आजी काही उठेनात.

"अजून एक द्या."

"चारच म्हणालात ना?"

"पाचवी तुम्हाला. मघापासून बघतेय, भाषण देता देता बोटांमध्ये सारखं खाजवताय."

मी झटकन हात टेबलाखाली घेतले.

"छे हो, आजी! हे आपलं... मागच्या महिन्यात साबण बदललाय ना, त्याचं आहे."