रिकामी सतरा तारीख

ठणाणा करत गजर वाजला आणि टेबलाशी बसलेल्या मायलेकी दोघीही दचकल्या.

संध्याकाळचे पाच वाजले होते. लेकीने घड्याळाकडे हात नेला, तशी आई म्हणाली, "असू दे गं. बंद नको करूस. दम संपला की आपलं आपण थांबतं ते."

गजर थकत थकत थांबला.

"कुठे होतो आपण?" आईने विचारलं.

"तेरावर."

लेक महिनाभरापूर्वी माहेरी आली होती. बरोबर एक बॅग आणि पाच वर्षांची टिल्ली. नवरा शनिवारी यायचा, रविवारी परत. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "पुढच्या आठवड्यातला दिवस ठरवा आणि संध्याकाळपर्यंत मला कळवा. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही. पण दिवस तुम्हीच निवडा. तो जन्मभर तुमच्याजवळ राहणार."

दुसऱ्या घरात असा दिवस पटकन ठरला असता. या घरात तारीख हा नुसता आकडा नव्हता. बाबांनी उभी हयात वर्तमानपत्रात 'आजच्या दिवशी' ही चौकट लिहिली. पाचचा गजर त्या चौकटीचाच, मजकूर धाडायच्या वेळेचा. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो बदलला नव्हता, आणि आता घड्याळाला किल्ली द्यायचं काम आईने आपल्याकडे घेतलं होतं.

टेबलावर बाबांची जाडजूड पुस्तकं उघडी होती. लेकीच्या मांडीवर पंधरवड्याची कात्रणं. बसून बसून तिचे पाय सुजले होते, म्हणून आईने ते उचलून आपल्या मांडीवर घेतले होते आणि त्यांच्यावरूनच ती लोकरीचा मोजा विणत होती.

"तेराला जहाज बुडालंय," लेक म्हणाली.

"नको बाई."

"चौदाला तह झाला. पण मग पुढच्या वर्षी मोडला."

"मोडणारं काही नको."

फोन मघापासून चालूच होता. त्यातून दादाचा आवाज आला, "अगं, दिवस सगळे सारखेच! मला तारीख सांगा, म्हणजे मी तिकीट काढतो. इकडे साहेब रजेसाठी माझं डोकं खातोय."

"तू गप रे. लग्नाची तारीख ठरवताना तूच चार वेळा घोळ घातला होतास."

"तो माझ्या सासऱ्यांनी घातला होता."

आई हसली. हसता हसता तिने चष्मा काढून पुसला. "यांना विचारता आलं असतं, तर डोळे मिटून सांगितलं असतं यांनी."

फोनमधून दादाकडचा पंखा तेवढा ऐकू येत राहिला.

"आज हालचाल?" दादाने हळूच विचारलं.

"सकाळी थोडी वाटली," लेक म्हणाली. "नंतर नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलत राहा, ऐकू येत असतं. मी बोलते. परवा गाणंही म्हटलं."

"तुझं गाणं? म्हणून हालचाल बंद झाली."

"दादा!"

टेबलाखाली टिल्ली रंगीत खडू घेऊन पालथी पडली होती. वर न बघता चित्र काढत होती, पण कान टवकारलेले होते.

"पंधरा?" आईने विचारलं.

"दोन राजांचे खून आणि एक भूकंप."

"सोळा?"

"सोळाला विमान उडालं. छान आहे. पण त्याच दिवशी एक पडलंही."

"आणि सतरा?"

लेकीने पान उलटलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं. "आई, ही ती सतरा! आठवते?"

दोघींनाही आठवली. या महिन्याच्या सतराने बाबांना दरवर्षी रडवलं होतं. युद्ध नाही, शोध नाही, कुणी मोठं जन्मलं नाही. एका वर्षी तर त्यांनी सरळ लिहून दिलं, 'आज विशेष काही नाही. वाचकांनी निवांत असावे.' संपादक असे चिडले की चहासुद्धा विचारला नाही. बाबा घरी येऊन म्हणाले, "बिचारी सतरा. बाकीचे दिवस पाहुण्यासारखे काही ना काही घेऊन येतात. ही एकटीच रिकाम्या हाताने दारात उभी असते."

"मग आपण देऊ तिला," आई म्हणाली. तिच्या सुया थांबल्या होत्या. "दुसऱ्या कुणाचंच काही नाही त्या दिवसावर. दरवर्षी येईल, तेव्हा फक्त आपल्यासाठी येईल. आपण सगळे जमत जाऊ."

"सतरा," फोनमधून दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला होता. "चालेल. मी आदल्या रात्री पोचतो."

लेकीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून फार काही विचारलं गेलं नाही. "सकाळी या. सगळे या. मी आहे," एवढंच.

आईने मोज्याचा शेवटचा टाका घातला आणि दात लावून धागा तोडला. "झाला जोड. पाय फार लवकर गार पडतात." मोजे तिने दारातल्या पिशवीत, मऊ धुतलेल्या चादरीवर ठेवले.

टिल्ली टेबलाखालून बाहेर आली. खुर्चीवर चढून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात सतराचं घर शोधलं आणि त्यात पिवळ्या खडूने एक फूल काढलं. मग तिथूनच मागे वळून तिने विचारलं,

"आई, डॉक्टरीणबाई आजोबांचं श्वासाचं मशीन बंद करतील ना, तेव्हा आजोबांना कळेल का, आज सतरा आहे ते?"