जागच्या जागी

आठ महिने गाडीत राहून परत आलेला माणूस घरी पोचल्यावरही दारातल्या गाडीतच झोपतो, हे बारक्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

"दाजींना पलंग टोचतो का काय?" त्याने विचारलं.

"झोपू दे रे. सवय झालीय," ताई म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

बारक्या नावाचाच बारका. गॅरेजात जॅक सापडला नाही की कामगार त्यालाच हाक मारत. ती गाडी त्यानेच बांधून दिली होती. जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, सिंक, कपाटं, सगळं स्वतःच्या हाताने. वर ताई-दाजींना नियमही घालून दिला होता: गाडी हलायच्या आधी सगळं जागच्या जागी. कप सिंकमध्ये, खण बंद, चष्मा डबीत. नाहीतर पहिल्याच वळणावर सामान डोक्यात.

ताईने कप पुढे केला आणि त्याला तिचा हात दिसला. बोटांचे सांधे सोललेले. मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे. चालतानाही ती उजवा पाय जपून टाकत होती. अंगठा काळानिळा पडला होता.

"हे काय गं?"

"गाडी केवढीशी ती. लागतं काहीबाही."

"गाडीला नखं असतात?"

ताईने बाही खाली ओढली. "प्रवासात माणूस कळतो बघ. घरात वाजलं तर दार आपटून दुसऱ्या खोलीत जाता येतं. गाडीत जाणार कुठे? चार पावलांवर भिंत."

तिचा आवाजही बसला होता. ओरडून ओरडून बसतो तसा.

"मला फोन करायचास की!"

"कशाला? नवरा-बायकोचं आहे ते. आणि पुढच्या आठवड्यात परत निघतोय आम्ही."

बारक्याला ठसका लागला. "परत? ह्याच गाडीतून?"

"इथे भिंतींना कान आहेत. जरा खुट्ट झालं की शेजारीण गॅस बंद करून ऐकते. तिकडे कसं मोकळं वाटतं."

मोकळं वाटतं म्हणे! बारक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईबाप लवकर गेले. ह्याच ताईने शिवणकाम करून त्याला लहानाचा मोठा केला. ती पुन्हा त्या गाडीत चढली आणि कुठल्या आडरस्त्यावर त्या माणसाने तिला संपवलं, तर कळायलाही महिना लागेल. जे करायचं ते आजच.

"कुठे निघालास?"

"ब्रेक बघून येतो," तो म्हणाला आणि पायरीवरचा चाकाचा पाना त्याने उचलला.

दाजी भूगोलाचे निवृत्त मास्तर. किडकिडीत, हळू बोलणारे. सगळी सासरवाडी त्यांना गरीब गाय म्हणायची. गाईलाही शिंगं असतात, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, बारक्या मनात म्हणाला. त्याने गाडीच्या दारावर थाप मारली. आतून एक कडी निघाली, मग दुसरी. ही दुसरी कडी काही बारक्याने बसवलेली नव्हती.

आत ओट्यावरच्या कपाटाची फळी तडकली होती. बरोबर डोक्याच्या उंचीला. तिथे ताईचं डोकं आपटलं असणार. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र एक ओरखडा नाही. गुळगुळीत दाढी.

"ताईचे हात बघितले मी," बारक्या म्हणाला.

दाजी त्याच्या हातातल्या पान्याकडे बघत राहिले. "तिने पाठवलं तुला?"

"मला कोणी पाठवायला कशाला लागतंय?"

दाजी उठले. कप सिंकमध्ये ठेवला. खण ढकलून बंद केला. चष्मा काढून डबीत घातला, डबी कोपऱ्यात सरकवली. मग खिडकीचा पडदा ओढून घेतला. पडदा बारक्याच्या नियमात नव्हता.

"पळताय होय? गाडी हलवून पळताय?"

त्याने पाना पलंगावर फेकला. या काडी पहिलवानाला हातच पुरे. पहिला ठोसा पोटात बसला. दाजी वाकले, पण ओरडले नाहीत. दुसरा बरगडीत बसला तेव्हा आत काहीतरी कट्कन वाजलं. ओटा आणि पलंगाच्या मधल्या सापटीत ते गुडघे पोटाशी घेऊन बसले, दोन्ही हातांनी डोकं झाकून. बारक्याने लाथ घातली. पुन्हा घातली. प्रत्येक लाथेसरशी अख्खी गाडी हलत होती आणि एवढं होऊन हा माणूस साधा हातही उगारत नव्हता, याचाच त्याला जास्त संताप येत होता.

"बाईमाणसावर बरा हात उठतो! आता का नाही उठत?"

केस धरून त्याने दाजींचं तोंड वर केलं आणि मूठ उगारली. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचं मनगट पकडलं.

ताई होती. आत येताना तिने दार लावून घेतलं होतं.

"सोड मला! अजून दया येते तुला याची?"

"तोंडावर नको," ताई बसक्या आवाजात म्हणाली. "तिथे मी कधी मारत नाही. लोकांना दिसतं."