वहीतली डल्सी

कडिना गावातल्या चर्चमध्ये दाराशी एक वही असते. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव तिच्यात लिहायचं. रविवारी पाळक ते मोठ्याने वाचतात आणि सगळी मंडळी ते नाव घेऊन प्रार्थना करते. चार वर्षांपासून त्या वहीत एक नाव न चुकता असायचं, डल्सी.

ही डल्सी कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी उपासनेनंतरच्या चहाला नव्या पाळकांनी म्हाताऱ्या पास्कोबाईंना गाठलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे लहानथोर सगळ्यांच्याच त्या ‘बाई’.

“बाई, ही डल्सी गावात कुणाच्याच ओळखीची नाही. पुढच्या रविवारपासून वगळतो तिला.”

बाईंनी हातातली खिमा-बटाटा भरलेली पेस्टी बशीत परत ठेवली. “एक नाव घ्यायला तोंड दुखतं का तुमचं?”

“तसं नाही हो. पण आहे कोण ती?”

“असेल कुणीतरी. घेत जा नाव.”

* * *

बाईंचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यांना डल्सी म्हणून हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.