सात आठे

"पुन्हा लाल!" भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला.

पाढे सांगणारा प्रोग्राम तिचा, आणि तो सुरू करून तपासणारी स्क्रिप्टही तिचीच होती. एक बटण दाबलं की दोन सर्व्हर आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या वेगवेगळ्या डब्यांत, सुरू व्हायचे. एकात सगळे पाढे साठवलेले, दुसरा मुलांना उत्तरं देणारा. मग चाचण्या सुसाट धावायच्या आणि लाल होऊन धाडकन तोंडावर आपटायच्या. सगळ्या हिरव्या झाल्या, तरच स्क्रिप्ट आपणहून प्रोग्राम शाळेत पाठवणार होती. आज प्रार्थनेनंतर संगणकाच्या बाई तो अख्ख्या शाळेसमोर लावणार होत्या. आज हुकलं तर गेलं वर्ष.

"पहिल्या दिवशी तर कसं छान उत्तर येत होतं," कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली.

"तो नुसता देखावा गं! पडदा कसा दिसतो ते बघायला उत्तराच्या जागी मीच छप्पन्न ठोकून दिलं होतं. आता खरं काम आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "उठलो!"

भिंगरीला शाळेत सोडायचं काम दादाचं होतं.

"याचं 'उठलो' म्हणजे नुसते डोळे उघडले," आई पुटपुटली. मग तिने आवाज चढवला. "सात आठे?"

"छप्पन्न!"

"हां. आता खरा जागा झाला."

भिंगरी टुणकन उडाली. "आई, तू ना, बृहस्पती आहेस बृहस्पती!"

कंटेनर सुरू झाला म्हणजे आतला सर्व्हर तयार झाला, असं थोडंच असतं? आजवर तिची स्क्रिप्ट नुसतं 'उठलास का' विचारत होती. भिंगरीने बाह्या सरसावल्या. आता स्क्रिप्ट 'सात आठे?' विचारेल. उत्तर नाही आलं तर थांबेल, पुन्हा विचारेल. छप्पन्न आलं की मगच चाचण्या. त्यांनाही तिने तोच प्रश्न दिला. एकाने विचारला तर? शंभर जणांनी एकदम विचारला तर? अर्धवट खोडून पुन्हा विचारला तर?

बटण दाबलं.

उत्तर नाही. उत्तर नाही. छप्पन्न!

हिरवं. हिरवं. सगळं हिरवंगार!

"गेलं! शाळेत पोचलंसुद्धा!" तिने घरभर गिरक्या घेतल्या. "दादा, गाडी काढ! उठलास ना?"

"छप्पन्न," पांघरूण म्हणालं.

"अरे ऊठ ना!"

"छप्पन्न."

"बे दुणे किती?"

"छप्पन्न."

"मेला झोपेतच ठोकून देतोय!" आईने कपाळाला हात लावला.

हसून हसून भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसताच, गंमत म्हणून, तिने लॅपटॉपवर टाइप केलं: बे दुणे?

सर्व्हर अगदी तयार होता. क्षणभरही न अडखळता त्याने उत्तर दिलं.

छप्पन्न.