आतल्या खोलीची कडी

तीन महिने सुनेने आतल्या खोलीची कडी लावून ठेवली होती. आत मांजरांमधला संसर्गजन्य ल्युकेमिया झालेला बोका, बाहेर त्याची निरोगी बहीण. एकमेकांना चाटण्यातूनही हा आजार पसरतो, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"बाबा, मी शिवणवर्गाला गेले की चुकूनसुद्धा दार उघडू नका हं," ती रोज सासऱ्यांना सांगे.

"अगं, नवराबायकोच्या भांडणातही इतके दिवस दार बंद राहत नाही," ते पेपरातून मान वर न करता म्हणत.

संध्याकाळी बोक्याची वाटी रिकामी दिसली की तिला हायसे वाटे.

आज मांजरीला तपासून आणल्यावर तिने चपलाही न काढता ती कडी काढली.

"बरा झाला वाटतं आपला गडी?"

"नाही बाबा. हिलाही तेच निघालं. आता वेगळं ठेवण्यात अर्थ नाही म्हणाले. पण दार तर बंद होतं ना? का आधीपासूनच होतं हिच्या अंगात? डॉक्टरांनाही सांगता येईना."

तिला वाटले, इतक्या दिवसांनी भेटलेली भावंडे निदान एकमेकांना हुंगतील. पण दोघे सरळ सासऱ्यांच्या खुर्चीकडे गेले आणि उडी मारून त्यांच्या मांडीवर आपापल्या जागी बसले.

सासऱ्यांनी हळूच पेपर मिटला.

"एकटा असला की घासाला शिवायचा नाही गं तो."