आखूड दोरी

"बाबा, बाहेर ये! इथं कोणी नाहीये!"

ओगुटूने हाक ऐकली आणि तो लव्हाळ्यात आणखी खाली सरकला. आवाज त्याच्या लेकीचा, अविनोचाच होता. बिनआईची पोर, रोज सकाळी मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा पानात बांधून दलदलीत आणायची. पण हाक कधी मारायची नाही. पाणकोंबडीसारखी दोनदा ओरडायची, पुडी ठरलेल्या जागी ठेवायची आणि गुपचूप परत फिरायची. तसं त्यानेच शिकवलं होतं. आज मात्र ती गळा काढून हाका मारत होती, आणि वर कोणी नाही म्हणून सांगत होती. ओगुटूला हसू आलं. कोणीतरी पढवल्याशिवाय पोर असं कशाला ओरडेल?

न्यांडो नदी सरोवराला मिळते तिथल्या या दलदलीत, पिल्लांच्या दिवसांत कमोंगो मासा मारायचा नाही, असं कोळ्यांच्या अख्ख्या घाटाने ठरवलं होतं. ओगुटू सोडून अख्ख्या घाटाने. या दिवसांत मादी निघून जाते आणि नर चिखलातल्या बिळाशी पिल्लं राखत बसतो. उपाशी राहील, पण जागा सोडणार नाही. बिळाच्या तोंडाशी काही हललं की धावून येतो आणि कडकडून चावतो. ओगुटू नेमका तिथेच गळ सोडायचा. दोरी मुद्दाम आखूड, चिखलात ठोकलेल्या खुंटीला बांधलेली. कमोंगो मासा खरा, पण हवा घ्यायला त्याला पाण्याबाहेर तोंड काढावं लागतं. आखूड दोरी ते काढू देत नाही. मासा पाण्यातल्या पाण्यात गुदमरून मरतो आणि घाटाच्या पहारेकऱ्यांना पत्ताही लागत नाही. मागे उरलेली पिल्लं इतर मासे गिळून टाकायचे. त्याचं ओगुटूला सोयरसुतक नव्हतं.

"एवढा मूर्ख बाप जगात दुसरा नाही," असं तो गुत्त्यावर बसून सांगायचा. "पोरांना नुसतं डिवचा. आलाच मरायला!"

घाटाचा प्रमुख ओलांग एकदा तिथेच होता. "तुलाही तसाच धरतो की नाही बघ," तो म्हणाला होता. "पोर तुलाही आहे."

सगळे खो खो हसले होते. ओगुटूने मात्र पेला तसाच खाली ठेवला होता. पुढे त्याचे गळ सापडले. होडी जाळून त्याला पोलिसांत देणार, असं ओलांगने चारचौघांत जाहीर केलं. तेव्हापासून ओगुटू इथे दडून होता. दडूनही त्याने धंदा सोडला नव्हता. पायवाटेच्या कडेला त्याला एक नवं बीळ दिसलं होतं आणि कालच त्याने तिथे गळ लावला होता. अविनोला त्याने ते सांगितलं नव्हतं. पोरीला काय सांगायचं असतं त्यात?

"बाबा! पाय अडकलाय माझा! ये ना रे!"

ओगुटू अर्धवट उठला. मग परत खाली बसला. आधी कोणी नाही म्हणायचं, मग पाय अडकला म्हणायचं. ओलांगने चांगलं घोकून घेतलेलं दिसत होतं. लव्हाळ्याआड भाले घेऊन बसला असेल दबा धरून.

"मला काय कमोंगो समजलास, ओलांग?" तो पुटपुटला.

"बाबा, मी खाली चाललेय! चिखल ओढतोय! बाबा!"

पोरीला खोकल्याची उबळ आली. मेल्यांनी तिला पाण्यात धरलंय की काय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ओलांगच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. पण तो हलला नाही. हललो की फसलो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. बऱ्याच वेळाने काढली, तेव्हा सगळीकडे चिडीचूप होतं.

कंटाळले शेवटी, तो म्हणाला. स्वतःवर तो भलताच खूश होता.

ऊन कलल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले. तो सरपटत कडेला आला, आणि समोरून नेमकी ओलांगचीच होडी आली. आत पाच-सहा माणसं, सगळी धुवट कपड्यांत. भाला एकाकडेही नव्हता. ओलांगने त्याला पाहिलं आणि वल्हं थांबवलं.

"पोरीला रडवून झालं का रे?" ओगुटू लव्हाळ्यातूनच ओरडला. "नाही ना आलो?"

"कोणाच्या पोरीला?"

"सोंग नको आणूस. सकाळपासून चाललं होतं तुझं."

"सकाळपासून आम्ही पलीकडच्या काठाला होतो. म्हाताऱ्या अबुटोची माती होती. अख्खा घाट तिकडेच." ओलांगने घाम पुसला. "मातीच्या दिवशी आपल्यात कोणी कोणाला धरत नाही, विसरलास? निघताना मीच अविनोला म्हटलं, जा बाई, बापाला घेऊन ये. आजचा दिवस तरी घरी जेवू दे त्याला. आली नाही का ती?"

ओगुटू पायवाटेकडे धावला, पडला, उठला, पुन्हा धावला. मागून ओलांग काहीतरी विचारत होता.

नव्या बिळापाशी पाण्यावर उगालीची पुडी तरंगत होती. पाणी ओगुटूच्या छातीपर्यंतच आलं. त्याने खाली हात घातला. आधी पोरीचे केस हाताला लागले, मग थंडगार खांदा, मग पाय, पायातला गळ आणि ती दोरी. तो हुंदके देत गाठ चाचपू लागला. तेवढ्यात बिळातून बाप धावून आला आणि त्याच्या हाताला कडकडून चावला.